गुरुवार, सहा ते नऊ

माल्मोच्या या इमारतीत
धुण्याचं मशीन सगळ्यांत मिळून एक.
तळघरात, दाराशेजारी तक्ता टांगलेला,
आपापल्या वेळेपुढं पेन्सिलीनं नाव लिहायचं.
चाळीस वर्षं गुरुवार, सहा ते नऊ:
आधी आजोबा, मग आई, आता मी.
ब्लुमेनक्रान्झ.
लांबलचक नाव, चौकटीत मावत नाही,
आजोबा शेवटची अक्षरं समासात कोंबायचे.

आज त्या नावापुढं कुणीतरी लिहिलंय,
पोरं मारणारी.
पेनानं. पेन्सिलीनं नव्हे.

मी टोपली कमरेवर घेऊन उभी.
टोपलीत चादरी, मोजे,
आणि तो पांढरा सदरा, जो घालून
मागच्या शनिवारी मी चौकात तीन पानं वाचली,
मोठ्यानं, एकेक नाव.
वय वर्षं चार. वय वर्षं नऊ. वय अकरा महिने.
सातव्या नावाशी आवाज फाटला,
कुणी पाणी दिलं, पुढं वाचलं.
त्या सरकारला जे म्हणायचं ते मी
माझ्या नावानिशी म्हटलंय, छापूनही आलंय.
त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.

'पोरं' हा शब्द तिथं माझ्या तोंडात होता.
इथं तो माझ्या अंगावर आलाय.

आणि तो नवाही नाही.
आजोबांच्या गावात, पोलंडमध्ये,
सणाच्या आदल्या आठवड्यात एखादं पोर हरवलं
की लोक आमच्या काठवटीत डोकवायचे,
कणकेत रक्त मळलंय का बघायला.
पोर संध्याकाळी सापडायचं, नदीवर, मासे धरताना.
काठवट तोवर फुटलेली असायची.
आजोबा हे हसत सांगायचे.
आजी उठून जायची.

ऑफिसात येन्स कॉफी ओतता ओतता विचारतो,
"तुमच्या देशाचं चाललंय तरी काय?"
माझ्या देशाचं?
काल पालिकेनं बर्फ उशिरा उपसला,
माझी बस चुकली.
तो ओशाळतो. माणूस वाईट नाही.
पण साखरेचं भांडं हातातच धरून असतो,
मी आधी निषेध म्हणेन, मग पुढं करील.

आणि समाजाच्या कार्यालयातले लेओपोल्ड,
फोनवर, घसा खाकरून:
"बघितलंस? आता तरी गप्प बस."
म्हणजे तक्त्यावर कुणी घाण केली
म्हणून माझी तीन पानं खोटी?
हा डाग मी छत्रीसारखा धरायचा
कुणा मंत्र्याच्या डोक्यावर?
नाही, लेओपोल्ड.

नवाल अजून आतच होती, तीन ते सहाची.
तिची बहीण खान युनिसला
आहे म्हणायचं की होती,
सतरा दिवस तिलाही ठाऊक नाही.
ती बाहेर आली, तक्ता वाचला,
माझ्याकडं पाहिलं नाही.
जिभेला अंगठा लावून घासायला लागली.
शाई पसरली. माझं नावही निळं झालं.

"तुझ्यासाठी नाही करत," ती म्हणाली.
"माझ्या रागाला पत्ता आहे.
याला पत्ता नकोच आहे.
माझ्या बहिणीसाठी लिहिलं म्हणत असेल
तर तिचं नाव विचार त्याला.
सांगता येणार नाही."

मलाही येत नव्हतं.
विचारलं. तिनं सांगितलं.
ते इथं लिहीत नाही.

ड्रायरमध्ये तिची वीस मिनिटं उरली होती.
नियमानं वेळ माझी.
राहू दे, म्हटलं.
सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात;
आम्ही दोघी बाकावर बसलो, मधे टोपली,
ती अंगठ्याची शाई पुसत,
मी काचेमागं फिरणाऱ्या तिच्या कपड्यांकडं बघत.
आत कसलंसं बटण
पत्र्यावर वाजत राहिलं.